नाशिक परिसरातील हस्तकला, अन्न व आदिवासी वारसा : सांस्कृतिक पर्यटनाचा एक विचार

कारागिराचे काम, गावचे अन्न व आदिवासींचा परंपरागत वारसा जाणून घेण्यासाठी केलेला प्रवास म्हणजे सांस्कृतिक पर्यटन होय. त्याचे यश बहुधा पर्यटकांच्या संख्येवरून मोजले जाते. वस्तुतः पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातून प्रत्यक्ष करणाऱ्याच्या हाती काय पडते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे; आणि नाशिकमध्ये कारागीर व पैसा यांच्या संबंधाचा लेखी पुरावा सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांचा आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर उभा आहे. तेथील पांडवलेणी पाहणारे बहुतेक लोक शिल्पे पाहून परततात. दहाव्या लेण्यातील लेखाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली, ती राजकोशात नव्हे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. केवळ व्याज वापरायचे होते. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० होते आणि लेखानुसार वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे होते. हिशेब नेमका जुळतो. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी तेली व अन्य श्रेणींकडे अशाच ठेवी ठेवल्याचे नमूद आहे. म्हणजे कारागीर हा तेव्हा केवळ पाहण्याचा विषय नव्हता. त्याच्या संघटनेची पत होती.

आजच्या विणकराची स्थिती पाहण्यासाठी नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटरवरील येवल्यास जावे लागते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागावर पदरातील मोर, कमळ वा मुनिया विणताना प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात गुंतवला जातो. म्हणून पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते. यंत्रमागावरील नकलेच्या मागे बहुधा सुटे, कापलेले धागे आढळतात. एका पैठणीस नक्षीप्रमाणे काही आठवडे ते अनेक महिने लागतात, नकल मात्र अल्पावधीत तयार होते. दोन्हींची किंमत एकाच फळीवर तोलली गेली, तर नुकसान मागावर बसणाऱ्याचे होते. पर्यटकाने पदर उलटून पाहणे ही म्हणूनच क्षुल्लक बाब नव्हे.

पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली या जमातींची वस्ती आहे. डोंगरउतारावर नागली व वरई पिकते. नागलीची भाकरी व उडदाची डाळ हे तेथील रोजचे जेवण. शहरात उपवासाला शिजणारी भगर ही याच वरईचे तांदूळ होत, परंतु खाणाऱ्यास ते शेत ठाऊक नसते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यानंतर हे धान्य शहरी ताटात अधिक मानाने आले. मात्र उतारावरील आवणी, निंदणी, कापणी अद्यापही बव्हंशी हातानेच होते.

या भागातील बोहाडा उन्हाळ्यात, रात्री, संबळाच्या तालावर होतो. देवदेवता व राक्षसांचे मुखवटे धारण करून सोंगे नाचतात. मुखवट्यांची पूजा होते. त्यामुळे पर्यटकांच्या सोयीसाठी बोहाडा हॉटेलच्या अंगणात, कोणत्याही महिन्यात करविणे म्हणजे त्यातील देवकार्य काढून केवळ नाच ठेवणे. पाहुण्याने गावाच्या तिथीला यावे, गावच्या घरी जेवावे व त्या जेवणाचा मोबदला त्या घरास द्यावा, ही पद्धत अधिक रास्त ठरते. खरीप आटोपल्यावर याच घरांतील अनेक माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात.