बालकांतील रक्ताचा कर्करोग : उपचार पूर्ण होण्याचे मोल

मूल फिकट दिसू लागते, ताप वारंवार उलटतो, पाय दुखतात म्हणून रात्री रडते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. मावळातील पालक अशा मुलाला घेऊन आमच्याकडे येतात, तेव्हा पुष्कळदा रक्ताच्या साध्या तपासणीतच शंका बळावते. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा बालकांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. त्याचे नाव ऐकताच ‘आता काही उपयोग नाही’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्या तरुणपणी ते खोटे नव्हते.

1980 च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात पाचांपैकी जेमतेम एक मूल वाचत असे. 1984 पासून तेथे डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमसीपी-841 ही उपचारपद्धती अवलंबिली आणि हे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांवर गेले. त्यातील बहुतेक औषधे पूर्वीही ज्ञात होती. कोणते औषध केव्हा व किती काळ द्यावयाचे, ही शिस्त नवी होती. आज प्रगत देशांत सुमारे 90 टक्के मुले बरी होतात.

पहिल्या महिन्याच्या उपचारांनंतर बहुतेक मुलांच्या रक्तात रोगपेशी दिसेनाशा होतात. तरीही काही पेशी शरीरात दडून राहतात. म्हणून उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. कसोटी येथेच लागते. केस पुन्हा येतात, मूल खेळू लागते, वडिलांची मजुरी बुडालेली असते, आणि फेऱ्या थांबतात. 2009 च्या सुमारास टाटा रुग्णालयातही दर पाच बालरुग्णांपैकी साधारण एकाचे उपचार अर्धवट राहत. निवास, आर्थिक साहाय्य आणि समुपदेशन यांची जोड मिळाल्यावर पुढील काही वर्षांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या जवळपास आले. देणगीदारांनी हा आकडा अवश्य ध्यानात घ्यावा. तो कोणत्याही नव्या औषधाने घडविलेला नाही.

आमच्या रुग्णालयात केमोथेरपी दिली जात नाही, हे प्रांजळपणे सांगणे आम्हांस उचित वाटते. रुग्णास मुंबई वा पुण्यास पाठविणे हेच आमचे कर्तव्य. लोणावळा लोहमार्गावर असल्याने दोन्ही शहरे गाठता येतात; कर्करुग्ण व सोबती यांस रेल्वे भाड्यात सवलत आहे, आणि पात्र कुटुंबांस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. मात्र पवन मावळातून वा आंदर मावळातून भर पावसात स्थानकापर्यंत येणे, हीच काहींची खरी अडचण असते. मधल्या काळातील रक्ततपासण्या येथे होऊन अहवाल तिकडे कळविले, तर एखादी फेरी तरी वाचते.

पालकांस दोन गोष्टी आवर्जून सांगावयाच्या. दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांपैकी मर्कॅप्टोप्युरीन रोज, तर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यावयाचे असते. ते चुकून रोज दिले गेल्यास जिवावर बेतते. गोळ्या देण्याचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. दुसरी गोष्ट तापाची. उपचारांच्या काळात पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना 100.4 अंश फॅरनहाइट ताप म्हणजे तातडीचा प्रसंग होय. घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. उपचारांची फाइल घेऊन, रात्र असली तरी, थेट आमच्या अपघात विभागात यावे. प्रतिजैविक तासाभराच्या आत सुरू व्हावे लागते.