टेक-पत्रकार मिंधे का होतात? आणि त्यांच्यावर टीका करणारे कितपत मोकळे?

ऑक्टोबर २०२३मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने त्या वर्षातल्या २०० सर्वोत्तम शोधांची यादी छापली. त्या यादीत ‘ह्युमेन’ या कंपनीची एआय पिन होती. छातीवर लावायची चौकोनी डबी. तिच्याशी बोलायचं, आणि ती तुमच्या तळहातावर लेझरने अक्षरं उमटवणार. गंमत अशी की तेव्हा ही पिन बाजारात आलेलीच नव्हती. एका वाक्यात ‘टाइम’ने हेही सांगून टाकलं होतं की नियतकालिकाचे मालक मार्क आणि लिन बेनिऑफ यांचे पैसे ह्युमेनमध्ये गुंतलेले आहेत. म्हणजे लपवाछपवी काहीच नव्हती. सगळं छापलेलं होतं, आणि तरीही वाचून झाल्यावर आपल्या डोक्यात काय राहतं? ‘टाइमने निवडलेला शोध.’

पिन लोकांच्या हातात पडली एप्रिल २०२४मध्ये. किंमत ६९९ डॉलर, वर महिन्याला २४ डॉलर. ती गरम व्हायची, बॅटरी टिकायची नाही, साध्या प्रश्नाला वेळ लावायची आणि वर उत्तर चुकवायची. परीक्षणं एकजात वाईट आली. यूट्यूबवर मार्केस ब्राउनली यांनी तर व्हिडिओच्या शीर्षकातच आपण आजवर तपासलेली ही सर्वात वाईट वस्तू असल्याचं म्हटलं. फेब्रुवारी २०२५मध्ये एचपीने ह्युमेनची मालमत्ता ११.६ कोटी डॉलरला घेतली, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला विकलेल्या सगळ्या पिना बंद पडल्या. शेवटच्या ९० दिवसांत ज्यांना पिन मिळाली होती, त्यांनाच पैसे परत. बाकीच्यांकडे उरली डबी.

आता तुम्ही म्हणाल, यात पत्रकारांचं काय चुकलं? वस्तू वाईट होती, ती वाईट आहे असं त्यांनी सांगितलं. बरोबर आहे. पण टेक-पत्रकारितेकडे संशयाने बघणाऱ्यांचा प्रश्न एप्रिल २०२४चा नाहीच. त्यांचा प्रश्न त्याआधीच्या महिन्यांचा आहे. वस्तू कोणाच्याही हातात नसताना तिच्याबद्दल इतकं लिहिलं, बोललं कसं गेलं?

हा प्रश्न आपल्यासाठी नुसता चर्चेचा नाही. आपल्यापैकी बरेच जण ऑफिसला जाता-येता असे दोन-तीन पॉडकास्ट ऐकतात. मग रविवारी पुण्याहून फोन येतो: “मामा, टेस्टिंगमध्ये राहू की एआयचा कोर्स करू?” आपण जे उत्तर देतो ते कुठून आलेलं असतं? बहुतेक वेळा त्याच आठवड्यात कानावर पडलेल्या कुठल्यातरी मुलाखतीतून. कोणाच्या तरी वर्षभराच्या फीचा निर्णय त्यावर होतो.

मिंधेपणाची यंत्रणा

इंग्रजीत या टीकेला लांबलचक नावं आहेत. आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: मिंधेपणा. मिंधा माणूस लाच घेतलेला असतोच असं नाही. तो फक्त उपकाराखाली असतो, आणि म्हणून बोलताना जरा अडखळतो.

टेक-पत्रकार मिंधा होतो तो साध्या कारणाने. त्याचा कच्चा माल कंपनीकडे असतो. नवा फोन आठवडाभर आधी हवा असेल, तर तो कंपनीच देणार. त्याबरोबर अट येते, अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही. सगळ्यांची परीक्षणं एकाच मिनिटाला बाहेर पडतात ती यामुळे. जो या रांगेत नाही, त्याचं परीक्षण आठवड्याने येतं, आणि तोपर्यंत वाचक निघून गेलेला असतो. कंपनीला धमकी द्यावीच लागत नाही. पुढच्या वेळी आमंत्रण आलं नाही, एवढं पुरतं.

कधीकधी मात्र उघडउघड शिक्षा होते. २००५मध्ये ‘सीनेट’ने गूगल आणि खासगीपणा या विषयावर लेख छापला. माहिती किती सहज मिळते हे दाखवायला वार्ताहराने गूगलवरच शोधून तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट यांची संपत्ती, राहण्याचा परिसर असे काही तपशील दिले. गूगलने कळवलं की वर्षभर सीनेटच्या वार्ताहरांशी बोलणार नाही. वर्ष पूर्ण होण्याआधीच तो बहिष्कार ढिला पडला, पण धडा मिळायचा तो सगळ्यांना मिळाला.

दुसरा मिंधेपणा मालकाचा. जानेवारी २०१३मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात सीनेटच्याच संपादकांनी ‘डिश’ कंपनीच्या हॉपर या यंत्राला सर्वोत्तम ठरवलं. सीनेटची मालक सीबीएस, आणि सीबीएसचा त्याच यंत्रावरून डिशशी कोर्टात खटला चालू. वरून आदेश आला आणि हॉपर यादीतून काढला गेला. ग्रेग सँडोव्हल या वार्ताहराने राजीनामा दिला. प्रदर्शनाच्या आयोजकांनी पुढे सीनेटकडून पुरस्कारांचं कामच काढून घेतलं.

तिसरा मिंधेपणा व्यासपीठाचा. २००३पासून वॉल्ट मॉसबर्ग आणि कारा स्विशर यांनी ज्या परिषदा भरवल्या, तिथे स्टीव्ह जॉब्ज आणि बिल गेट्स एका मंचावर बसले. आता ज्यांच्यावर बातम्या करायच्या तेच तुमचे पाहुणे, आणि ते आले तरच तिकिटं खपणार. स्विशर यांचं आत्मकथन २०२४मध्ये आलं तेव्हा अनेक समीक्षकांनी यावरच बोट ठेवलं. तरी दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१०मध्ये त्याच मंचावर खासगीपणाच्या प्रश्नांनी मार्क झकरबर्ग घामाघूम झाले होते आणि ते जगाने पाहिलं. जवळीक होती म्हणून प्रश्न विचारता आले, असंही म्हणता येतं.

पॉडकास्टमध्ये नवीन काय?

लेखात निदान मधे संपादक असतो. तो विचारतो, ‘हे कशावरून?’ दोन तासांच्या गप्पांमध्ये हा माणूस गायब होतो. पाहुण्याने सांगितलेला आकडा तिथल्या तिथे तपासता येत नाही, आणि मधेच अडवलं तर गप्पांची लय जाते. शिवाय आवाजाची एक माया असते. रोज कानात बोलणारा माणूस आपल्याला मित्र वाटू लागतो, आणि मित्राकडे आपण पुरावा मागत नाही.

दुसरा बदल याहून मोठा आहे. ज्यांच्यावर बातमी व्हायची तेच माइक घेऊन बसले. २०२०मध्ये सुरू झालेला ‘ऑल-इन’ चार गुंतवणूकदार चालवतात. त्यांच्यापैकी डेव्हिड सॅक्स २०२५मध्ये व्हाइट हाउसमध्ये एआय आणि क्रिप्टोचे सल्लागार झाले. त्यांचं ऐकू नये असं मी म्हणत नाही. धंदा आतून कसा दिसतो ते तिथे कळतं. पण तो धंद्याचा आवाज आहे, धंद्यावरचा पहारा नव्हे.

आणि जे पत्रकार आहेत त्यांच्यावरही आक्षेप आहेतच. फेब्रुवारी २०२३मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे केविन रूस यांनी बिंगच्या चॅटबॉटशी दोन तास गप्पा मारल्या आणि त्या बॉटने त्यांना बायकोला सोडायला सांगितलं. बातमी जगभर गेली. एमिली बेंडर यांच्यासारखे भाषावैज्ञानिक अशा लेखनाबद्दल सतत एकच गोष्ट सांगत आले आहेत: शब्द जुळवणाऱ्या यंत्राला मन आहे अशा थाटात लिहिलं, की भीती वाटली तरी जाहिरात कंपनीचीच होते. ‘किती भयंकर’ आणि ‘किती अद्भुत’ या दोन्हींचा अर्थ शेवटी ‘किती शक्तिमान’ असाच निघतो.

थेरॅनोस: कोणाला दिसलं, कोणाला नाही

जून २०१४मध्ये ‘फॉर्च्युन’च्या मुखपृष्ठावर एलिझाबेथ होम्स झळकल्या. रक्ताच्या काही थेंबांत ढीगभर चाचण्या, असा त्यांच्या कंपनीचा दावा. तेव्हा कंपनीचं मोल ९०० कोटी डॉलर धरलं जात होतं. फेब्रुवारी २०१५मध्ये जॉन आयोनिडिस या संशोधकाने अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात साधा मुद्दा मांडला: या तंत्राबद्दल तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध कुठे आहेत? ऑक्टोबर २०१५मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जॉन कॅरीरू यांनी बातमी फोडली. ते गॅजेटवाले पत्रकार नव्हते. आरोग्यक्षेत्राचे शोधपत्रकार होते. फॉर्च्युनचे रॉजर पार्लॉफ यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपली दिशाभूल कशी झाली ते स्वतः लिहिलं. होम्स यांना २०२२मध्ये ११ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली.

टीकाकार यातून म्हणतात, टेक-पत्रकारांना काही दिसत नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. नोव्हेंबर २०२२मध्ये एफटीएक्स कोसळली ती कशामुळे? ‘कॉइनडेस्क’ या क्रिप्टोच्याच बातम्या देणाऱ्या संस्थेने २ नोव्हेंबरला एफटीएक्सच्या भावंड-कंपनीचा ताळेबंद बाहेर काढला. नऊ दिवसांत दिवाळखोरीचा अर्ज झाला. त्या लाटेत कॉइनडेस्कच्या मालक कंपनीची जेनेसिस ही उपकंपनीही बुडाली. म्हणजे धंद्याच्या आतल्याच वार्ताहराने बातमी काढली, आणि ती आपल्या मालकालाही महागात पडली. मिंधेपणा हा कल आहे, नियम नाही.

संशय घेणाऱ्यांचाही धंदा असतो

आता टीकाकारांकडे वळू, कारण त्यांना मोकळं सोडणं बरोबर नाही. २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘बेटर ऑफलाइन’चे एड झिट्रॉन एआय-उद्योगावर तुटून पडतात. त्यांची स्वतःची जनसंपर्क संस्था आहे. ते हे लपवत नाहीत, पण श्रोत्याला माहीत असायला हवं. त्याहून मोठा मुद्दा असा, की संशयाचेही वर्गणीदार असतात. ज्याचा श्रोता ‘हे सगळं थोतांड आहे’ ऐकायलाच येतो, त्याला एखाद्या आठवड्यात ‘ही वस्तू बरी निघाली’ म्हणणं जड जातं. हाही मिंधेपणाच, फक्त कंपनीऐवजी श्रोत्यांचा.

आणि संशयी माणूस चुकतोही. फेब्रुवारी १९९५मध्ये ‘न्यूजवीक’मध्ये क्लिफर्ड स्टोल यांनी लिहिलं होतं की ऑनलाइन खरेदी आणि ऑनलाइन वर्तमानपत्रं ही स्वप्नं फोल आहेत. स्टोल अडाणी नव्हते. संगणकातला एक हेर त्यांनी स्वतः पकडून दिला होता. तेव्हाचं इंटरनेट त्यांनी नीट पाहिलं होतं. फक्त आज जे चालत नाही ते कधीच चालणार नाही, असं त्यांनी धरलं.

क्रियापद ऐका

मग श्रोत्याने करायचं काय? मला एक युक्ती उपयोगी पडते, आणि ती शाळेच्या व्याकरणातली आहे. वाक्याचं क्रियापद ऐका. ‘ही पिन फोनची जागा घेईल’ हा भविष्यकाळ. ‘ही पिन चार तासांत बंद पडते’ हा वर्तमानकाळ. ‘आम्ही दोन आठवडे वापरली’ हा भूतकाळ. एखाद्या भागात सगळी क्रियापदं ‘ईल’वर संपत असतील, तर तुम्ही बातमी ऐकत नाही, मनसुबे ऐकताय. हीच कसोटी टीकाकारालाही लावा. ‘हा फुगा फुटेल’ हेसुद्धा भविष्यच.

त्याबरोबर कर्ता शोधा. ‘चाचणी केली जाते’ असं कोणी म्हणालं की विचारा: कोण करतं, कुठल्या यंत्रावर? थेरॅनोसबद्दलच्या कौतुकाच्या लेखांत यंत्र नेमकं काय करतं हे सांगायची वेळ आली की वाक्यं अशीच धूसर व्हायची. कॅरीरूंना पहिला संशय आला तोही अशाच एका वर्णनावरून. आणि शेवटी खुलासा. ‘आमचे पैसे यात गुंतले आहेत’ हे वाक्य ऐकू आलं की तिथे थांबा. खुलासा केल्याने हितसंबंध नाहीसा होत नाही, फक्त तो मोजण्याचं काम तुमच्याकडे येतं.

हे सगळं सांगितलं, आता आमचंही सांगतो. मागे एका कंपनीने आम्हाला त्यांचा वरिष्ठ संशोधक पाहुणा म्हणून देऊ केला. अट एकच होती, प्रश्न आधी पाठवायचे. आम्ही पाठवले. दोन प्रश्नांवर ‘हे टाळता आलं तर बरं’ असं उत्तर आलं. एक होता मॉडेल शिकवायला मजकूर कुठून घेतला याचा. आम्ही टाळला. भाग छान झाला, खूप ऐकला गेला, पुष्कळांनी अभिनंदन केलं. कोणीही धमकी दिली नव्हती, पैसेही दिले नव्हते. फक्त एवढा मोठा माणूस आमच्यासारख्या छोट्या मराठी पॉडकास्टवर येतोय, तर कशाला बिघडवा, असं वाटलं.

तो भाग अजून आहे. त्याच्या वर्णनात आता आम्ही कोणते दोन प्रश्न विचारले नाहीत ते लिहिलं आहे. पुन्हा ऐकलात तर ते डोळ्यांसमोर ठेवून ऐका. आणि पुढच्या रविवारी पुण्याहून फोन आला, तर उत्तर देण्याआधी स्वतःला विचारा: मला हे माहीत आहे, की मी हे ऐकलंय?