वाहनातील स्वस्त फ्रिज : प्रश्न फ्रिजचा कमी, बॅटरीचा अधिक

स्वतःच्या वाहनाने लडाख, स्पिती, कच्छचे रण किंवा कोकण किनारा गाठून रात्री वाहनाजवळच मुक्काम करणाऱ्या प्रवाशांच्या सामानात आता बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज दिसू लागला आहे. थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून सुरमई किंवा दूध नेण्याची पद्धत जुनीच आहे. मात्र बर्फ वितळला की ती पेटी निरुपयोगी होते. वाहनाच्या विजेवर चालणाऱ्या फ्रिजला ही मर्यादा नाही. पूर्वी असे फ्रिज मोजक्या परदेशी कंपन्यांचे आणि महाग असत. आता त्यांच्या तुलनेत पुष्कळ कमी किमतीचे फ्रिज ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. ते बऱ्यापैकी थंडही करतात. अडचण येते ती बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, वाहन सुरू होत नाही तेव्हा.

खरेदीच्या वेळी पहिली गफलत नावातून होते. ‘कार फ्रिज’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न उपकरणे विकली जातात. त्यांतले पहिले थर्मोइलेक्ट्रिक. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की एक सांधा थंड व दुसरा गरम होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेल्तिए यांनी १८३४ मध्ये दाखवून दिले. हे उपकरण त्याच तत्त्वावर चालते. ते हलके, बिनआवाजाचे आणि सर्वांत स्वस्त असते. परंतु सभोवतालच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच आतील तापमान खाली आणू शकते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना त्यातले दूध २५ अंशांच्या आसपास राहील, म्हणजे नासेल. शिवाय त्याला बहुधा थांबणे ठाऊक नसते. सुमारे ५० वॉट वीज ते अखंड खेचत राहते. दुसरे उपकरण घरच्या फ्रिजप्रमाणे कॉम्प्रेसरवर चालते आणि बाहेर कितीही ऊन असले तरी शून्याखाली जाऊ शकते. वाहनातील मुक्कामासाठी विचार करायचा तो याचाच.

कॉम्प्रेसर चालू असताना असा फ्रिज साधारण ४५ ते ६० वॉट वीज घेतो, पण तो सतत चालत नाही. आतील तापमान ठरलेल्या अंशावर आले की थांबतो, वाढले की पुन्हा सुरू होतो. ५० वॉटचा फ्रिज एकूण वेळेच्या ४० टक्के चालला, तर दिवसभरात ४८० वॉट-तास, म्हणजेच बारा व्होल्टच्या बॅटरीतून ४० अँपिअर-तास खर्च होतात. उन्हाळ्यात बंद वाहनात हे प्रमाण सहज वाढते, थंड रात्री घटते. छोट्या पेट्रोल मोटारीची बॅटरी मात्र ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते, मोठ्या डिझेल वाहनाची ६० ते ७०. त्यातही मोटारीची बॅटरी काही क्षण प्रचंड प्रवाह देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. हळूहळू रिकामी होण्यासाठी नव्हे. ती वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

रात्री आठ ते सकाळी सहा या दहा तासांत फ्रिजने सरासरी दीड ते दोन अँपिअर घेतले, तरी १५ ते २० अँपिअर-तास खर्ची पडतात. छोट्या मोटारीची ही निम्मी बॅटरी झाली. शहरात अशा वेळी शेजाऱ्याची जंपर केबल कामी येते. मनाली-लेह मार्गावरील सरचूसारख्या, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच ठिकाणी पहाटे परिस्थिती निराळी असते. थंडीने बॅटरीची क्षमता घटलेली असते, इंजिनमधले तेल घट्ट झालेले असते आणि जवळपास मेकॅनिक नसतो. स्वयंचलित गिअरचे वाहन धक्का मारूनही सुरू होत नाही.

ही वेळ येऊ नये म्हणून जवळपास प्रत्येक फ्रिजमध्ये बॅटरी-रक्षणाची सोय असते. पडद्यावर ‘एच’, ‘एम’ आणि ‘एल’ अशी तीन अक्षरे दिसतात. ती थंडाव्याची पातळी दर्शवतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कोणत्या व्होल्टेजला फ्रिजने स्वतःहून बंद व्हायचे, हे ती ठरवतात. ‘एच’ म्हणजे उंच मर्यादा, म्हणजे फ्रिज लवकर बंद होतो. वाहनाच्या मूळ बॅटरीवर फ्रिज चालवताना ‘एच’च ठेवावे लागते. ‘एम’ आणि ‘एल’ स्वतंत्र बॅटरीसाठी आहेत. तरीही या रक्षणावर पूर्ण विसंबता येत नाही. अनेक स्वस्त फ्रिजमध्ये ‘एच’ची मर्यादाही ११ व्होल्टच्या जवळपास असते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ पर्यंत उतरली की ती साधारण निम्मी झालेली असते. फ्रिजचा हलका भार असतानाही ११ व्होल्टपर्यंत घसरलेली बॅटरी जवळजवळ संपलेली असते. रक्षण होते खरे, पण फार उशिरा.

येथे वायरचा विषय येतो, आणि स्वस्त फ्रिजची सर्वांत कच्ची बाजू बहुधा हीच असते. सोबत मिळणारी वायर बारीक असते आणि ती सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची असते. बॅटरीपासून डिकीपर्यंतचे अंतर चार मीटर धरले, तर विजेचा जाऊन-येऊन प्रवास आठ मीटरचा होतो. तांब्याची वायर एक चौरस मिलिमीटरची असेल, तर पाच अँपिअर प्रवाहाला ०.७ व्होल्ट वाटेतच गळतात. कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी प्रवाह वाढतो तेव्हा ही गळती आणखी होते. परिणामी बॅटरी ठणठणीत असूनही फ्रिजला ती संपल्यासारखी वाटते. तो बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पडद्यावर त्रुटीचा संकेत झळकतो आणि ग्राहक फ्रिज खराब निघाला म्हणून परत पाठवतो. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली की हीच गळती ०.१८ व्होल्टच्या घरात येते. खडबडीत रस्त्यावर सॉकेटमधला खटका सैल होऊन तापणे हा आणखी एक नेहमीचा दोष. म्हणून बॅटरीपासून थेट जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज आणि दुसऱ्या टोकाला पक्का बसणारा जोड ही खऱ्या अर्थाने पहिली सुधारणा ठरते. फ्यूज वगळणे म्हणजे वायर घासून उघडी पडताच आगीला निमंत्रण. हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि वाहन वॉरंटीत असल्यास आधी विक्रेत्याशी बोलावे. अनधिकृत जोडणीमुळे नुकसान झाले, तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

या सुधारणेला एक छुपी बाजू आहे. बारीक वायरीमुळे होणारी गळती नकळत बॅटरीचे रक्षणही करत असते. फ्रिजला ११.१ व्होल्ट दिसतात तेव्हा बॅटरीत प्रत्यक्ष ११.८ असतात. जाड वायर टाकली की हे अंतर नाहीसे होते आणि फ्रिज बॅटरीला जवळजवळ तळापर्यंत शोषून घेतो. म्हणजे केवळ वायर बदलून थांबणारा प्रवासी वाहन सुरू न होण्याचा धोका कमी न करता वाढवतो. जाड वायरीसोबत १२ व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडणारे स्वतंत्र उपकरण तरी हवे, नाहीतर दुसरी बॅटरी तरी.

दुसरी बॅटरी हा उपाय खर्चिक असला तरी निर्धोक आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची ५० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ६४० वॉट-तास साठवते, म्हणजे वरच्या हिशेबाने फ्रिज एक दिवसाहून अधिक चालतो. ती वाहन चालू असताना भरून घेण्यासाठी अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. नव्या वाहनांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज कमी-जास्त होत राहते. त्यामुळे थेट जोडणीने बॅटरी पूर्ण भरेलच असे नाही. जोडणीची खटपट नको असलेले प्रवासी तयार ‘पॉवर स्टेशन’ घेतात. त्यातून फ्रिज चालवताना घरगुती २३० व्होल्टचा प्लग वापरू नये. बॅटरीतील वीज आधी २३० व्होल्टला चढवायची आणि फ्रिजच्या अॅडॉप्टरने पुन्हा उतरवायची, या खटाटोपात बरीच ऊर्जा वाया जाते. मोटारीच्या सॉकेटवरून पॉवर स्टेशन साधारण १०० वॉटने भरते, म्हणजे दिवसाची गरज भागवायला सुमारे पाच तासांचा प्रवास लागतो. एकाच ठिकाणी दोन-तीन दिवस तळ असेल, तर सौर पॅनेल उपयोगी पडते. १०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाकाठी ३०० ते ४०० वॉट-तास देते. पावसाळी कोकणात त्याचा भरवसा धरू नये.

लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. लिथियम बॅटरी शून्याखालील तापमानात वीज देऊ शकते, पण त्या अवस्थेत भरल्यास तिचे कायमचे नुकसान होते. चांगल्या बॅटरीतील नियंत्रक अशा वेळी चार्जिंग रोखतो. स्वस्त बॅटरीत ही सोय आहे की नाही हे आधी तपासावे. आणि फ्रिज किंवा हीटर चालावा म्हणून इंजिन सुरू ठेवून बंद वाहनात झोपण्याचा मार्ग कोणीही पत्करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

वीज वाढवण्याइतकेच, किंबहुना त्याहून स्वस्त काम आहे ते उष्णता आत येऊ न देण्याचे. आठ लिटर पाणी ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायचे, तर जवळपास २८० वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. हे काम प्रवासात बॅटरीवर करण्याऐवजी आदल्या रात्री घरच्या विजेवर उरकावे; फ्रिज आणि त्यात जाणारे सर्व सामान दोन्ही आधीच थंड करून घ्यावे. घरच्या फ्रीझरमध्ये गोठवलेल्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या आत ठेवल्या, तर त्या वितळताना सुमारे १८५ वॉट-तास उष्णता पिऊन टाकतात. फुकटात मिळणारी ही दुसरी बॅटरीच म्हणायची. फ्रिज जितका रिकामा तितकी झाकण उघडताना आत शिरणारी गरम हवा अधिक, म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरावी.

स्वस्त फ्रिजच्या भिंतींतील फोमचा थर पातळ असतो. त्यावर उष्णतारोधक कव्हर चढवल्यास कॉम्प्रेसरला विश्रांती मिळते. बाजारातले कव्हर नको असेल, तर एसीच्या नळ्यांना गुंडाळतात तशा काळ्या फोमचे तक्ते कापूनही काम भागते. मात्र हवा खेचणाऱ्या व सोडणाऱ्या जाळ्या झाकल्या गेल्या, तर सुधारणेचा उलटा परिणाम होतो. या जाळ्यांभोवती आठ-दहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. डिकीत त्यांवरच पांघरुणे रचून ठेवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. झाकणाची रबरी पट्टी तपासायला कागदाचा तुकडा पुरतो. झाकणात अडकवलेला कागद सहज ओढून निघाला, तर तेथून थंडावा गळतो आहे. काही हौशी मंडळी फ्रिजच्या अंगात छिद्रे पाडून कप्पे किंवा कड्या बसवतात. तसे करू नये. थंड वायूच्या नळ्या भिंतीतच गुंडाळलेल्या असतात आणि अनेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू वापरलेला असतो.

पडद्यावरील तापमान आणि आतील पदार्थाचे तापमान एकच असते असे नाही. तापमापक बहुधा भिंतीलगत असतो. त्यामुळे तळ आणि भिंत गोठण्याच्या जवळ, तर वरचा थर त्याहून बराच उबदार, असे चित्र दिसते. मधोमध पाण्याचा पेला ठेवून त्यात साधा डिजिटल थर्मामीटर काही तास बुडवावा आणि पडद्यावरचा आकडा त्यानुसार समजून घ्यावा. ५ ते ६० अंश हा टप्पा अन्नातील जंतूंच्या वाढीला पोषक असतो. शिजवलेले अन्न, मासे, दूध ५ अंश किंवा त्याखालीच राहायला हवे.

इन्सुलिन सोबत नेणाऱ्यांसाठी हा फरक अधिक गंभीर आहे. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादहून कुलदैवताच्या दर्शनाला महाराष्ट्रात येणाऱ्या कुटुंबांत मधुमेही ज्येष्ठ असतातच. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि एकदा गोठले की ते टाकून द्यावे लागते, मग पुन्हा वितळून पूर्ववत दिसत असले तरीही. स्वस्त फ्रिजमध्ये ते बिघडण्याचा धोका उष्णतेइतकाच गोठण्याचाही आहे. ते लहान डब्यात घालून भिंतीपासून दूर, वरच्या भागात ठेवावे, शेजारी किमान व कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर असावा आणि गोठवलेल्या बाटल्यांचा त्याला स्पर्श होऊ देऊ नये. वापरात असलेले पेन किती दिवस आणि किती तापमानापर्यंत फ्रिजबाहेर चालते, हे त्याच्या वेष्टनावर दिलेले असते. ते वाचून पर्यायी व्यवस्था सोबत ठेवलेली बरी.

भरलेला फ्रिज वीस-पंचवीस किलोंचा होतो. जोराचा ब्रेक लागला की तो पुढे झेपावतो, म्हणून डिकीतील कड्यांना पट्ट्यांनी बांधणे आवश्यक आहे. वाहतुकीत तो आडवा किंवा उलटा झाला असेल, तर सरळ करून काही तास तसाच ठेवावा आणि मगच सुरू करावा. लांबच्या प्रवासापूर्वी घरच्या अंगणात उभ्या वाहनात, त्याच वायरीवर आणि त्याच बॅटरीवर एक पूर्ण रात्र तो चालवून पाहावा. सकाळी बॅटरीचे व्होल्टेज मोजले की वरचे सारे हिशेब आपल्या वाहनाला कितपत लागू पडतात ते कळते. परतल्यावर तळाशी साचलेले पाणी पुसून, खायच्या सोड्याच्या पाण्याने आतून धुऊन, झाकण किंचित उघडे ठेवून तो ठेवून द्यावा. बंद ठेवलेल्या फ्रिजमध्ये आठवडाभरात बुरशी धरते आणि तिचा वास पुढच्या प्रवासातील दुधाला लागतो.