नगरची तटबंदी आणि नगरचें पाणी

आपल्या शहरांत परगांवचा पाहुणा आला म्हणजे आपण त्यास भुईकोट किल्ला दाखवितों, चांदबिबीची गोष्ट सांगतों, आणि पूर्वेकडील डोंगरावरच्या इमारतीकडे बोट करून "तो चांदबिबीचा महाल" असें सांगून मोकळे होतों. ह्यांपैकीं शेवटची गोष्ट तर खरी नाहींच. पण पहिल्या दोहोंनींही पाहुण्यास नगर समजलें असें होत नाहीं. हें शहर ह्याच माळावर कां वसलें, आणि येथील माणसें पाणी कोठून आणीत, हें कळल्यावांचून येथील जुन्या दगडांचा अर्थ लागत नाहीं.

बहामनी राज्य मोडकळीस आलें त्या काळीं जुन्नर प्रांत मलिक अहमद ह्याच्या ताब्यांत होता. ह्याचा बाप मलिक हसन मूळचा पाथरीच्या एका ब्राह्मण घराण्यांतील. ता. २८ मे १४९० रोजीं भिंगारनजीक अहमदानें बहामनी सरदार जहांगीरखान ह्याचा पराभव केला. विजयाच्या जागीं त्यानें आधीं बाग केली, आणि १४९४ सालीं त्या बागेशेजारीं शहराचा पाया घातला. म्हणून शहराचा जन्म कोणी १४९० चा मानतात, कोणी १४९४ चा. ज्याचें बालपण नगरांत गेलें तो इतिहासकार फरिश्ता तर लिहितो कीं, दोनतीन वर्षांतच हें शहर बगदाद व कैरो ह्यांच्या बरोबरीस आलें. ह्यांतील अतिशयोक्ति वाचकांनीं वजा करून घ्यावी. पण काम झपाट्यानें झालें एवढें खास. अहमदाचें नांव शहरानें पुढें पांचशें वर्षांहून अधिक काळ वागविलें. २०२४ सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव, जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ, अहिल्यानगर झालें. बोलण्यांतलें 'नगर' मात्र दोन्ही नांवांत सुखरूप राहिलें आहे.

आतां जागेचा विचार करूं. जुन्नर व दौलताबाद ह्यांच्या साधारण मध्यावर हें ठिकाण पडतें, आणि अहमदाचा सारा डोळा दौलताबादेवर होता. तो किल्ला त्यानें १४९९ सालीं घेतलाही. म्हणजे जागा निवडली ती राजकारणासाठीं, पाण्यासाठीं नव्हे. सीना नदी शहरालगत वाहते खरी, परंतु तिचा उगम येथून फार दूर नाहीं, आणि ह्या भागांत पाऊसही बेताचाच. पावसाळा सरला कीं तिच्यावर राजधानी पोसणें शक्य नव्हतें. सैन्य, हत्ती, घोडे, बाजार, हमामखाने आणि बागा ह्या सर्वांस पाणी आणावयाचें कोठून?

ह्या प्रश्नाचें उत्तर जमिनीखालीं आहे. शहराच्या आसपासच्या उंचवट्यांवर, कापुरवाडी, शेंडी, वडगांव अशा गांवांच्या बाजूस, विहिरींत सांठणारें पाणी नळांतून शहरांत आणलेलें होतें. ह्यांस आपल्याकडे खापरी नळ म्हणतात. भाजलेल्या मातीचे नळ एकांत एक बसवून सांधे चुन्यानें बंद करावयाचे, त्यांभोंवतीं दगडचुन्याचें बांधकाम करावयाचें, आणि सर्व मार्ग उतारानें न्यावयाचा. मोट नाहीं, रहाट नाहीं. पाण्याचें वजन हेंच पाण्यास पुढें ढकलतें. ह्यांतील सर्व कौशल्य उतार साधण्यांत आहे. उतार अधिक झाला तर वेगानें सांधे फुटतील. कमी झाला तर गाळ बसून नळ बुजेल. नळांत कोंडलेली हवाही पाण्यास अडविते, म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवीत. तेथून हवा बाहेर पडे व गाळही काढतां येई. अखेरीस पाणी हौदांत पडे, आणि हौदांतून घागरींत.

कोरड्या डोंगराळ मुलुखांत पाणी भूमीखालून आणण्याची विद्या इराणांत फार जुनी आहे, आणि निजामशाही दरबारांत इराणी माणसांचा भरणा होता. परंतु खणणारे, नळ भाजणारे व चुना मळणारे हात इकडचेच असले पाहिजेत. ही विद्या येथेंच थांबली नाहीं. निजामशाहीचा प्रसिद्ध वजीर मलिक अंबर ह्यानें खडकी वसविली, आणि तेथें नहर आणिला. तीच खडकी पुढें औरंगाबाद झाली, आणि आतां छत्रपती संभाजीनगर आहे. तिकडची नहर-ए-अंबरी पाहण्यास लोक आवर्जून जातात; नगरच्या खापरी नळांची चौकशी करणारा क्वचितच भेटतो. ते बहुतेक बंद पडले आहेत, आणि पाया खणतांना एखादें खापर वर आलें तर तें कौलाचा तुकडा समजून फेंकून दिलें जातें.

ह्या पाण्याची चैन पहावयाची तर बागांकडे जावें. सावेडीच्या बाजूस हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग, ह्या नांवाची बाग होती. तेथें तळ्याच्या मध्यभागीं अष्टकोनी महाल होता. त्याहून सुस्थितींत आहे तो भिंगारजवळचा फराहबाग. हा महाल १५८३ सालीं सलाबतखानानें पुरा केला. हाही तळ्याच्या मध्यें, दुमजली, बाहेरून अष्टकोनी. आंत उंच घुमटाचें दालन. चारी बाजूंच्या पाण्यावरून येणारा वारा उंच कमानींतून आंत खेळावा आणि उन्हाळा सुसह्य व्हावा, अशी ही योजना. आज तळें कोरडें आहे, म्हणून इमारत उघडी व ओकीबोकी दिसते. ती पाहतांना मनानें पाणी भरून घ्यावें लागतें. ताजमहालाची कल्पना येथूनच घेतली असें आपल्याकडे अभिमानानें सांगतात. त्यास आधार नाहीं, आणि फराहबागेस त्या उसन्या मोठेपणाची गरजही नाहीं.

किल्ल्याविषयीं थोडक्यांत. अहमदाचा कोट मातीचा होता. तो दगडी केला त्याचा नातू हुसेन निजामशहा ह्यानें. सपाट जमिनीवर डोंगराचा आधार नाहीं, म्हणून गोलाकार तट, वीसांहून अधिक बुरूज आणि भोंवतीं रुंद खंदक. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुराद ह्यानें ह्याच तटाखालीं सुरुंग पेरले. आंतील लोकांनीं कांहीं शोधून निकामी केले. एक उडाला व तटास खिंडार पडलें. चांदबिबी स्वतः खिंडारापाशीं उभी राहिली, आणि रात्रींतून भिंत पुन्हां उभी झाली. त्यानंतर १५९६ सालीं वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० सालीं चांदबिबी मारली गेली आणि किल्ला मोगलांकडे गेला.

शहराचा तट निराळा, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. माळीवाडा वेस व दिल्ली दरवाजा हे त्याचे शिल्लक राहिलेले साक्षीदार. मंगळगेट, झेंडीगेट अशीं नांवें तेवढीं पेठांना चिकटून राहिलीं आहेत. ता. ८ ऑगस्ट १८०३ रोजीं जनरल वेलस्लीनें शिंद्यांच्या ताब्यांतील ह्या शहरावर हल्ला केला. तट उंच होता व बुरुजांतून मारा चालू होता. पण तटाच्या माथ्यावर फांजी, म्हणजे उभें राहून चालण्याची वाट, नव्हती. त्यामुळें शिडीनें वर आलेल्या शिपायांस पाय टेकावयास जागा मिळेना. अखेर कांहीं शिपाई एका बुरुजांत शिरून आंत उतरले आणि शहर त्याच दिवशीं पडलें. किल्ला मात्र चार दिवसांनीं, ता. १२ रोजीं, हातीं आला. ह्या दोन तारखांत दोन बांधकामांतला फरक दिसतो: एक चोराचिलटांपासून पेठ राखण्यासाठीं, दुसरें तोफांशीं झुंजण्यासाठीं.

आतां त्या डोंगरावरील 'महाला'विषयीं. तो चांदबिबीचा नव्हे. फराहबाग पुरा करणाऱ्या त्याच सलाबतखानाची ती कबर आहे. तीन मजल्यांची ही अष्टकोनी इमारत शाह डोंगरावर दूरवरून दिसते. वजीर असतां ह्यानें बागा व पाण्याचीं कामें करविलीं. त्याच्या कबरीवर लोकांनीं राणीचें नांव चढविलें, कारण राणीची गोष्ट सांगण्याजोगी आहे आणि नळांची तितकीशी नाहीं.

शेवटीं एक लहानशी इमारत. किल्ल्याच्या पूर्वेस दमडी मशीद आहे. ती साहिरखानानें १५६७ च्या सुमारास बांधली. किल्ल्यावर खपणाऱ्या मजुरांनीं रोज एकेक दमडी दिली, त्यांतून ती उभी राहिली, असें लोक सांगतात. दमडी म्हणजे पैशाचाही बारीकसा अंश. कथा असेल, पण घडणावळ खरी आहे. आपल्याकडचा काळा दगड छिन्नीस फार कठीण, आणि येथें त्यावर फुलें, जाळ्या व अरबी अक्षरें अशीं कोरलीं आहेत कीं लाकडाचा भास व्हावा. जाणाऱ्यांनीं सकाळच्या तिरप्या उन्हांत जावें. त्या वेळीं अक्षरांच्या कडा स्पष्ट दिसतात.