कंबरेच्या टेपनंतर काय? वजन उतरवणं आणि उतरलेलं राखणं

तुम्ही तोयोसुत किंवा टोकियोत आणखी कुठे नोकरी करत असाल आणि वयाची चाळिशी गाठली असेल, तर हा प्रसंग ओळखीचा असेल. वार्षिक आरोग्य तपासणीत नर्स बेंबीच्या पातळीवर टेप लावते, श्वास हलकेच सोडायला सांगते आणि एक आकडा लिहून घेते. पुरुषाचा आकडा ८५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, बाईचा ९० किंवा त्याहून जास्त आला आणि सोबत रक्तदाब, साखर किंवा रक्तातली चरबी यांपैकी काही बिघडलेलं निघालं, की काही दिवसांनी एक पाकीट येतं. आत ‘तोकुतेई होकेन शिदो’ म्हणजे आरोग्य मार्गदर्शनाचं निमंत्रण असतं. पत्र जपानीत असल्यामुळे ते फ्रिजवर चुंबकाखाली जातं आणि पुष्कळदा तिथेच राहतं.

त्या पाकिटाचं करायचं काय, हा आजचा विषय. उत्तरासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल: वजन उतरवणं आणि उतरलेलं वजन राखणं ही दोन वेगळी कामं आहेत.

८५ हा आकडा कुठून आला?

एप्रिल २००८ पासून जपानने ४० ते ७४ वयाच्या विमाधारकांसाठी ही तपासणी सुरू केली. परदेशी माध्यमांत ‘जपानमध्ये जाड असणं बेकायदेशीर’ अशा गमतीदार बातम्या आल्या, पण त्यात तथ्य नाही. माणसाला दंड होत नाही. आर्थिक बोजा कमी-जास्त होतो तो विमा संस्थेचा. पुरुषांच्या बेंबीजवळ ८५ सेंटिमीटर घेर असेल, तर सीटी स्कॅनमध्ये पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी साधारण १०० चौरस सेंटिमीटर दिसते. त्यावरून हा आकडा ठरला.

आपल्यासाठी इथे एक खाचखळगा आहे. भारतीयांसाठी वापरली जाणारी मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर आहे. म्हणजे ८४ सेंटिमीटर घेर असलेल्या मराठी बाईला जपानी पाकीट कदाचित येणारच नाही, पण भारतीय निकषाने तिने लक्ष द्यायला हवं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘सडपातळ पण चरबीयुक्त भारतीय’ ही कल्पना जगासमोर मांडली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा ‘मी काही जाड दिसत नाही’ हा आपला दिलासा फारसा भरवशाचा नाही.

एका मुलाखतीने काय होतं?

क्योतो विद्यापीठाचे शिंगो फुकुमा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये या योजनेचा हिशेब मांडला. त्यांची युक्ती सुरेख होती. ज्याचा घेर ८४.९ आहे आणि ज्याचा ८५.१ आहे, ते दोघे जवळजवळ सारखेच. फरक इतकाच, की एकाला निमंत्रण जातं आणि दुसऱ्याला नाही. अशा सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या पुरुषांची तुलना केली, की निमंत्रणाचा परिणाम वेगळा दिसतो. सुमारे पाऊण लाख पुरुषांच्या नोंदी तपासल्यावर एका वर्षानंतर सापडलेला फरक होता साधारण ३०० ग्रॅम. तीन-चार वर्षांत तोही पुसला गेला. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा दिसली नाही.

यावरून ‘मार्गदर्शन फुकट आहे’ असा अर्थ लगेच काढू नका. निमंत्रण मिळालेल्यांपैकी फार थोडे प्रत्यक्ष गेले होते. आणि जे मार्गदर्शन मिळतं, तेही अनेकांच्या बाबतीत एक मुलाखत आणि काही महिन्यांनी एक चौकशी, एवढंच असतं.

खरं तर काय खावं हे आपल्याला ठाऊकच असतं. ओकिनावात ‘हारा हाची बु’, म्हणजे पोट ऐंशी टक्के भरेपर्यंतच खा, असं म्हणतात. आपल्याकडे आयुर्वेद पोटाचा काही भाग रिकामा ठेवायला सांगतो. शतकानुशतकं माहीत असलेला सल्ला पुन्हा एकदा ऐकून वागणं कसं बदलेल?

शिवाय शरीरही विरोधात उभं असतं. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं, पण भूक वाढवणारी संप्रेरकं वाढली आणि पोट भरल्याचा संदेश देणारी घटली. वर्षभरानंतरही ती पूर्ववत झाली नव्हती. डाएट संपल्यावर लागणारी ती भूक खरी असते. तिला ‘मनाचा कमकुवतपणा’ म्हणणं अन्यायाचं आहे.

वर्तनोपचार नेमकं काय करतो?

१९५९ साली स्टंकार्ड यांनी न्यूयॉर्कच्या एका आहार क्लिनिकमधल्या १०० रुग्णांचा मागोवा घेतला. नऊ किलोंहून अधिक वजन उतरलं फक्त बारा जणांचं, आणि दोन वर्षांनी ते टिकलं होतं दोघांचं. मग १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी वेगळा प्रयोग केला. ‘काय खाता’ याऐवजी ‘कधी, कुठे, कशानंतर खाता’ यावर काम केलं. आठ जणांचं वर्षभरात १२ ते २१ किलो वजन उतरलं. प्रयोग छोटा होता, पण पुढच्या वर्तनोपचाराचा पाया त्याने घातला. त्यातली साधनं अशी:

१. नोंद. जपानच्या ओइता इथले साकाता आणि योशिमात्सु या डॉक्टरांनी वजनाचा आलेख वापरात आणला. दिवसातून चार वेळा वजन करायचं: उठल्याबरोबर, न्याहारीनंतर, रात्रीच्या जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी. ठिपके जोडले, की रात्रीच्या जेवणाने रेषा किती उसळी घेते ते आपलं आपल्यालाच दिसतं, कुणी रागवावं लागत नाही. रुग्णाच्या समजुतीतल्या तफावतीला ते ‘झुरे’ म्हणतात आणि सवयींना ‘कुसे’. त्यांच्या प्रश्नावलीत ‘मी पाणी प्यायलो तरी जाड होतो’ असंही एक वाक्य आहे. ‘मला पाणीसुद्धा अंगाला लागतं’ हे आपल्याकडच्या प्रत्येक लग्नात ऐकू येतं, नाही का?

२. साखळी शोधणं. समजा, तुम्ही दुपारी बाराला डबा खाल्लात. पुण्याच्या टीमबरोबरची मीटिंग तिथे चारला, म्हणजे तुमच्याकडे साडेसातला. घरी पोचता नऊला. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यावरचा फरसाणाचा डबा उघडतो, मग वर पूर्ण जेवण आणि अकराला झोप. इथे नऊ वाजता मनाशी लढण्यात अर्थ नाही, कारण लढाई सहा वाजताच हरलेली असते. दुरुस्ती तिथे करायची: सहाला उसळीचा छोटा डबा किंवा एक ओनिगिरी, भाताच्या कुकरला टायमर, आणि फरसाण ओट्यावरून वरच्या कपाटात.

३. जर–तर. ‘आता कमी खाईन’ हा संकल्प पातळ असतो. ‘जर मीटिंग साडेसातची असेल, तर सहाला डबा उघडीन’ हा घट्ट असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनाने अशा नेमक्या बेतांचा उपयोग दाखवून दिला आहे. हीच पद्धत आग्रहालाही लागू पडते. गणपतीत ताट समोर आलं, की ‘वहिनी, मोदक फर्मास झालेत, पण दहा मिनिटं थांबतो, मग सांगतो’ हे वाक्य आधीच तयार ठेवायचं. उपचारात अशा वाक्यांची चक्क तालीम करून घेतात.

४. घसरणं आणि कोसळणं यांतला फरक. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी स्वयंसेवकांना आधी मिल्कशेक दिला, मग हवं तेवढं आइस्क्रीम. खाण्यावर सतत लगाम घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. ‘आता बिघडलंच आहे, सोमवारपासून बघू’ हा तो विचार. बोधात्मक वर्तनोपचारात हा विचार पकडायला शिकवतात. एक चकली खाल्ली, म्हणजे एकच चकली खाल्ली. पुढचं जेवण नेहमीचं.

आणि घाई नको. लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला सुमारे २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा होता ६६.

मग हे टिकतं का?

इथे प्रामाणिक राहायला हवं. ऑक्सफर्डच्या कूपर आणि फेअरबर्न यांनी खास वजन राखण्यासाठी बोधात्मक उपचार रचला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, उपचार संपल्यावर तीन वर्षांत बहुतेक स्त्रियांचं वजन परत चढलं होतं. याउलट अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ या मधुमेहींच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षी वजन सरासरी ८.६ टक्के उतरलं आणि आठ वर्षांनी ४.७ टक्के घट टिकली. निम्म्या लोकांनी निदान पाच टक्के घट राखली. तिथे पहिले सहा महिने दर आठवड्याला भेट होती आणि संपर्क पुढेही वर्षानुवर्षं चालू होता. उच्च रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब चढतो, तसंच इथेही आहे. आधार सुटला की शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतं. वेगोवीसारख्या औषधांचीही हीच कथा: ती थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलं आहे.

म्हणून ध्येय लहान आणि मुदत लांब ठेवा. २०२४ पासून जपानी योजनेनेही घेर २ सेंटिमीटर आणि वजन २ किलो कमी होणं हे यशाचं माप धरलं आहे.

कुणी थेट डॉक्टरांकडे जावं?

थोड्या वेळात भरमसाट खाणं, खाताना ताबा सुटल्यासारखं वाटणं, नंतर लाज वाटणं किंवा उलटी काढणं, असं वारंवार होत असेल, तर हा टेपचा विषय नाही. त्यावर मानसोपचार चांगला लागू पडतो. वजनाचा प्रश्न त्यानंतर. उदासी, झोप न लागणं, परदेशातला एकटेपणा हेही खाण्यातून बोलतात. जपानी अवघड वाटत असेल, तर टोकियोत ‘टेल’सारखी संस्था इंग्रजीतून समुपदेशन करते.

त्या पाकिटाचं काय करायचं?

जा. मुलाखत बहुतेक ठिकाणी मोफत असते आणि व्हिडिओ कॉलवरही घेता येते. भाषेसाठी एखादा सहकारी सोबत घ्या. जाताना दोन आठवड्यांचा वजनाचा आलेख आणि तुमच्या रोजच्या संध्याकाळची साखळी लिहून न्या. पोळी, वरण-भात आणि उपवासाची खिचडी म्हणजे काय हे समजावून सांगा, नाहीतर मिसो सूपचा सल्ला घेऊन परत याल. तीन प्रश्न जरूर विचारा: पुढची भेट कधी? मी घसरलो तर कुणाशी बोलायचं? आणि सहा महिन्यांनंतर माझी नोंद कोण बघणार? शेवटच्या प्रश्नाला तिथे उत्तर नसेल, तर ते आपणच तयार करायचं. तोयोसुच्या ‘गुरुरी’ पार्कात खाडीकाठी दर रविवारी चालणारे दोन-तीन जण जमवा आणि एकमेकांचे आलेख बघा.

मुलाखतीच्या पत्रावर मुदतीची तारीख असते. आधी ती बघा.