एंजिनातील तेलगळती व गॅस्केट

मोटार रात्रभर जेथे उभी होती तेथे सकाळी काळा डाग दिसला, तर एंजिनाच्या एखाद्या सांध्यातून वंगण पाझरत आहे असे समजावे. दिल्लीलगतच्या गुडगाव येथील, म्हणजे आजच्या गुरुग्राममधील, कारखान्यातून डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 ही मोटार प्रथम बाहेर पडली. 2014 साली तिचे उत्पादन थांबले. तोपर्यंत अशा 25 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. तिचे 796 घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे एंजिन रचनेने साधे असल्यामुळे आपण तेच उदाहरणादाखल घेऊ.

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही काळजीपूर्वक कापले, तरी ते पूर्णपणे सपाट होत नाहीत. त्यांतील सूक्ष्म खळगे भरून काढण्यासाठी मध्ये बुचाच्या लाकडाची, कागदाची किंवा रबराची लवचीक पट्टी दाबून बसवितात. हीच गॅस्केट, मिस्त्री लोक तिला ‘पॅकिंग’ म्हणतात. एक फूट लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा 80 अंश सेल्सिअसने तापविला असता सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, पोलादाचा जवळजवळ त्याच्या निम्माच. एंजिन तापते व निवते तेव्हा ही विषम हालचाल गॅस्केटलाच सोसावी लागते. वर्षानुवर्षे उष्णता व तेल यांच्या सान्निध्यात राहून रबर कडक होते आणि खळगे भरण्याचा त्याचा गुण नाहीसा होतो. दिल्लीच्या उन्हाळ्यास याचा दोष देण्याची प्रथा आहे. परंतु एंजिनाची स्वतःची उष्णता त्याहून पुष्कळच अधिक असते.

गळतीचे स्थान शोधताना बहुतेकांची फसगत होते. तेल खाली वाहते व चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरते. म्हणून जेथून ठिबकते तेथेच दोष आहे असे नव्हे. एंजिन पुसून कोरडे करावे, थोडे अंतर चालवावे आणि ओल जेथे सर्वांत वर दिसेल तो सांधा संशयित धरावा. पुष्कळदा तो एंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचा, म्हणजे ‘टॅपेट कव्हर’चा, असतो. येथून ओघळलेले तेल तापलेल्या धुराच्या नळीवर पडल्यास जळका वास येतो व क्वचित आगही लागते. म्हणून ही गळती क्षुल्लक मानू नये.

आणखी एक कारण सहसा ध्यानात येत नाही. सिलिंडरातील काही वायू पिस्टनच्या कड्यांजवळून खाली निसटतात. ते बाहेर नेणारी नळी काजळीने तुंबली, तर आतील दाब वाढून नवे पॅकिंगही गळू लागते. गॅस्केट बदलण्यापूर्वी ही नळी अवश्य साफ करावी.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. एंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवावी, झाकणाचे बोल्ट काढून झाकण अलगद उचलावे. जुन्या पॅकिंगचे अवशेष लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत. पोलादी पात्याने ॲल्युमिनियमवर चरा पडला, तर नवी गळती आपणच निर्माण केली असे होईल. खरवडलेला कचरा एंजिनात पडू नये म्हणून उघडी जागा स्वच्छ फडक्याने झाकावी, आणि झाकण बसविण्यापूर्वी ते फडके आठवणीने काढावे. नवे पॅकिंग कोरड्या, स्वच्छ जागी बसवून बोल्ट मध्यापासून कडांकडे, आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. किती आवळावे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अधिक जोर लावल्यास गळती थांबेल ही समजूत चुकीची आहे. त्यामुळे पॅकिंग चिरडून बाहेर येते आणि झाकण वाकते.

तळाच्या ‘चेंबर’चे पॅकिंग बदलण्यास गाडी उचलावी लागते, केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये, भक्कम घोड्या लावाव्यात. सिलिंडरच्या डोक्याखालील गॅस्केट मात्र कुशल मिस्त्रीकडेच सोपवावे. निघालेले जुने तेल गटारात ओतू नये. दिल्लीची बहुतेक गटारे शेवटी यमुनेस मिळतात. ते झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या दुरुस्तिगृहात द्यावे.