मोनालिसाकडे पाठ करा: लूव्रमधल्या तीन वस्तू आणि आपलं पवनार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा प्रश्न साधा आहे. मित्रांसोबत परदेशात गेलो, एखाद्या नावाजलेल्या म्युझियमचं तिकीट काढलं, तर आत जाऊन नेमकं बघायचं काय?

आम्ही चौघं वर्ध्याचे. म्युझियम म्हटलं की आम्हाला आठवतो नागपूरचा अजब बंगला. रांगेत चालायचं, कशाला हात लावायचा नाही, की झाली सहल. पॅरिसच्या लूव्रमध्ये ही पद्धत चालत नाही. तिथे सुमारे ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. एकेकीला दहा सेकंद दिले तरी जवळपास शंभर तास लागतील! म्हणून आम्ही ठरवलं, तीनच वस्तू नीट बघायच्या आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: तू इथे कशी आलीस?

पहिली अर्थातच मोनालिसा. काचेमागे, जेमतेम अडीच फूट उंच. "एवढीशीच आहे का बे?" आमच्यातला एक म्हणालाच. पण ती आली कशी? १५१६ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाने, पहिल्या फ्रान्स्वाने, लिओनार्दोला बोलावून घेतलं. तो येताना हे चित्र सोबत घेऊन आला आणि पुढे ते राजाच्या संग्रहात गेलं. म्हणजे इथे लूट नाही. गंमत अशी की २१ ऑगस्ट १९११ ला विन्चेन्झो पेरुजा नावाच्या इटालियन कामगाराने ते इथूनच चोरलं. दोन वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये पकडला गेला तेव्हा त्याचं म्हणणं होतं, नेपोलियनने पळवलेलं चित्र मी मायदेशी परत आणलं. पण नेपोलियनचा या चित्राच्या येण्याशी संबंधच नव्हता. तो जन्मायच्या अडीचशे वर्षं आधी ते फ्रान्समध्ये पोचलं होतं.

आता मोनालिसाकडे पाठ करा. समोरच्या भिंतीवर दुसरी वस्तू आहे: वेरोनेझेने १५६३ मध्ये पूर्ण केलेलं 'काना गावचं लग्न'. जवळपास दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र. हे मात्र खरोखरच नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहातून काढून आणलं. नेपोलियन पडल्यावर बरीच चित्रं परत गेली, हे गेलं नाही. मूळ जागी २००७ मध्ये हुबेहूब प्रत लावली गेली. आणि इथे बहुतेक लोक या चित्राकडे पाठ करून सेल्फी काढतात.

तिसरी वस्तू म्हणजे हम्मुराबीचा कायदा कोरलेला काळा दगड. सव्वादोन मीटर उंच, सुमारे पावणेचार हजार वर्षं जुना. हा बनला बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पण फ्रेंच उत्खननात १९०१ च्या सुमारास सापडला इराणमधल्या सूसा इथे. का? कारण एलामच्या राजाने तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तो लुटून तिथे नेला होता. मग आता द्यायचा झाला, तर कोणाला?

इथे आमची जुंपली. एक म्हणे, "सगळा चोरीचा माल आहे." दुसरा म्हणे, "इथे होतं म्हणून टिकलं नं!" मला विचाराल तर दोघंही घाई करत होते. तीन वस्तू, तीन वेगळी उत्तरं: एक पाहुणी म्हणून आली, एक ओढून आणली, एक दोनदा घर सोडून आली. सरसकट मत ठोकण्याआधी एकेका वस्तूचा प्रवास बघावा लागतो.

त्यासाठी पॅरिसलाच जायला पाहिजे असं नाही. लूव्रने २०२१ मध्ये आपला संग्रह ऑनलाइन खुला केला. ४ लाख ८० हजारांहून जास्त नोंदी, फुकट. वस्तू कुठून आणि कधी आली हेही बऱ्याच नोंदींत असतं. फोनवर एक वस्तू उघडा आणि तेवढंच वाचून बघा.

आणि मग एखाद्या रविवारी पवनारला जा. विनोबा १९३८ मध्ये तिथे राहायला आले. पुढे धाम नदीकाठच्या त्या जमिनीत खणताना त्यांना भरत-भेटीचं शिल्प सापडलं. अभ्यासक ते वाकाटक काळातलं मानतात, म्हणजे साधारण दीड हजार वर्षं जुनं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. हे शिल्प कुठल्या राजधानीतल्या दालनात गेलं नाही. जिथे सापडलं, तिथेच आश्रमात आहे. तिकीट नाही, काच नाही, गर्दी तर नाहीच. आम्ही चौघं तिथे शंभरदा गेलो असू, पण ते बहुतेक वेळा नदीवर टाइमपास करायला.

तोच प्रश्न त्याला विचारा आणि पाच मिनिटं उभं राहा. उत्तर काय मिळालं, ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!